थुंकलेला पाक

अम्मीच्या भट्टीशेजारी, ओट्याखाली, एक पत्र्याचा डबा असायचा. मूळचा डालड्याचा, झाकण कधीच हरवलेलं. त्यात ती थुंकायची. पान किंवा तंबाखू खाऊन नव्हे, गुळाचा पाक चाखून. दिवसाला पंचवीस-तीस कढया उतरायच्या आणि प्रत्येक कढईला दोन-तीनदा चाखणं व्हायचं. दुपारपर्यंत डब्याच्या तळाशी तपकिरी, फेसाळ, तार सुटणारी लाळ साचायची आणि तिच्यात चावलेल्या दाण्यांचे तुकडे तरंगायचे. माश्या काठावर रांगेने बसलेल्या असायच्या. शाळा सुटल्यावर मी कुसगावच्या त्या चिक्कीच्या कारखान्यात तिला भेटायला जायचे, पण हाक दारातूनच मारायचे. आत पाऊल टाकलं की नजर त्या डब्याकडेच जाणार हे मला ठाऊक होतं.

कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. पत्र्याची शेड, चार भट्ट्या, लाटायला दगडी ओटे आणि पाकिटं भरायला बाहेरची पडवी. मालक गावातलेच, पूर्वी भातशेती करणारे. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. लोणावळ्यातल्या पाच-सहा दुकानांना त्यांची चिक्की जाते, आणि ती चिक्की अम्मीच्या दातांवर चालते. पाकाचा एक थेंब गार पाण्यात टाकायचा, कडक झालेला तो मणी दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्ट वाजला तर पाक झाला. दाताला चिकटला तर अजून आच हवी. कडवट लागला तर सगळी कढई गेली. भाऊंनी एकदा पाकाची उष्णता मोजायची काचेची नळी आणली होती. अम्मीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. महिनाभराने नळी फुटली आणि नवी कोणी आणली नाही.

थुंकण्याची सवय तिला रमजानने लावली. अब्बा गेले त्या वर्षी ती कामाला लागली. पहिलाच रमजान आला, रोजा तर धरायचा आणि पाक तर चाखायचा. तिने मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घेतलं. स्वयंपाक करणाऱ्याला गरजच असेल तर जिभेवर घेऊन थुंकून टाकावं, घशाखाली काही जाऊ देऊ नये, रोजा तुटत नाही, असं त्यांनी सांगितलं. अम्मीने महिनाभर तसं केलं आणि ईदनंतरही तसंच चालू ठेवलं. एवढा गूळ रोज गिळला तर माणूस दुपारपर्यंत आडवा होईल, हे तिचं म्हणणं खरंच होतं. मलाच ते बघवत नव्हतं.

आता माझी गंमत बघा. मी एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. सोमवारी सकाळी मुंबई-पुण्याचे पाहुणे खोल्या सोडून जातात, तेव्हा मागे काय काय ठेवून जातात ते मी सांगितलं तर तुम्ही हा कागद खाली ठेवाल. गादीवरची ओकारी, बेसिनमध्ये तुंबलेली बिर्याणी, उशीच्या अभ्र्याला पुसलेलं कायकाय. मुली नाक धरून उभ्या राहतात, तेव्हा मीच हातमोजे चढवते आणि पुढे होते. परक्यांच्या घाणीचं मला काही वाटत नाही, तिचा पगार मिळतो. अम्मीच्या थुंकीचं मात्र वयाच्या अडतिसाव्या वर्षीही तेवढंच वाटायचं. तो डबा मी कधी हातात धरला नव्हता. चुकून पायाला लागला तरी घरी येऊन पाय साबणाने धुवायचे.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात आणखी भर पडली. अम्मीच्या पोटातून आंबट पाणी वर यायला लागलं. जेवताना मध्येच ती तोंडावर पदर धरून मोरीकडे जायची, आणि मी ताट बाजूला सारायचे. तिच्या ढेकरेला वास यायचा, विरजण बिघडल्यावर येतो तसा. पुढचे दात पिवळे, पातळ झाले, कडा झिजून गेल्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची कॅप्सूल तिला कोणीतरी मेडिकलमधून आणून दिली होती. ती आठवली की घ्यायची, बरं वाटलं की सोडायची. मग लोणावळ्यातल्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, तर जठराच्या पुढे, आतड्याच्या सुरुवातीलाच दोन अल्सर. औषधाने भरले. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तर तीन.

दुर्बिणीतले फोटो डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवले. ओलं, गुलाबी, चकचकीत मांस आणि त्यात पांढरट खळगे. मी नजर वळवली. ही माझी आई आतून, असं मनात आलं आणि त्याचीच लाज वाटली.

अल्सर करणाऱ्या जंतूची तपासणी झाली होती, जंतू नव्हता. दुखण्याच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, पण त्या ती घेत नव्हती. मग डॉक्टरांनी कागद पलटला, मागच्या बाजूला पेनाने पोटाची पिशवी रेखाटली आणि अम्मीला समजावायला घेतलं. पोटाच्या खालच्या भागात काही पेशी असतात, त्या गॅस्ट्रिन नावाचा हार्मोन सोडतात. तो रक्तात उतरतो, सगळ्या अंगातून फिरतो आणि पुन्हा पोटातच येऊन वरच्या भागाला सांगतो की आम्ल सोड.

"शेजारच्या खोलीत निरोप द्यायला अख्ख्या गावाला वळसा?" मी म्हणाले. माझा स्वर जरा तिरकाच होता.

"तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण काम चोख होतं."

अम्मी त्या पिशवीकडे बघत होती. "आणि बास झालं हे त्याला कुटनं कळतं?"

"चांगला प्रश्न आहे, मावशी. आम्ल पुरेसं झालं की दुसऱ्या पेशी दुसरा हार्मोन सोडतात, सोमॅटोस्टॅटिन. तो गॅस्ट्रिनला गप्प करतो. शिवाय आम्ल पुढे आतड्यात उतरलं की तिथून तिसरा निघतो, सिक्रेटिन. तोही सांगतो, आता पुरे."

"पाक झाला की आच बंद करायची, तसं."

"अगदी तसं. तुमची आच बंद का होत नाही, ते मला बघायचंय."

मग मला बाहेर बोलावून त्यांनी उरलेलं सांगितलं. क्वचित कधी स्वादुपिंडात किंवा आतड्यात एखादी गाठ होते आणि ती स्वतःच गॅस्ट्रिन सोडत राहते. तिला कोणाचा लगाम नसतो. तशी गाठ असली तर पुण्याला जाऊन ऑपरेशनचा विचार करावा लागेल. त्यासाठी आधी रक्तातलं गॅस्ट्रिन मोजायचं. कॅप्सूल आठवडाभर बंद ठेवायची, कारण ती आम्ल दाबते, आणि आम्ल कमी पडलं की थांबवणारा हार्मोन गप्प बसतो व गॅस्ट्रिन उगाच वाढलेलं दिसतं. रात्रीपासून पोटात काही नको, पाण्याखेरीज. शी काळी झाली तर आत रक्त जातंय असं समजून लगेच या.

तो आठवडा मी विसरणार नाही. अम्मी दिवसभर आंबट पाणी ओकत होती आणि मी रोज सकाळी तिच्या मागोमाग संडासात जाऊन रंग बघत होते. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात. नाकाला ओढणी बांधून. ती म्हणायची, "तू नको बघू, मी सांगते की." पण तिच्या सांगण्यावर माझा भरवसा नव्हता. तिचं सांगणं नेहमी एकच असायचं, काय झालेलं न्हाई.

तपासणीच्या दिवशी शुक्रवार होता. शनिवार-रविवारचा माल काढायचा, म्हणून ती सहालाच कारखान्यात गेली. मी ओरडले तर म्हणाली, "नऊला जायाचंय न्हवं? तवर पाच कढया उतरवते. काय खात न्हाई मी." साडेआठला मी स्कूटर घेऊन तिला न्यायला गेले. ती ओट्याशी हात पुसत उभी होती. ओट्याखाली डबा होता आणि त्यात ताजा, अजून फेस न बसलेला थर होता. मी तो बघितला. एका क्षणात बघितला आणि सवयीने मान फिरवली.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं?"

"न्हाई," अम्मी म्हणाली.

नर्सने माझ्याकडे बघितलं. मीही म्हणाले, "नाही."

हे मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. डब्याकडे बघून न बघणं मला इतकं अंगवळणी पडलं होतं की तो डोक्यात शिरलाच नव्हता.

रिपोर्ट पुण्याहून आला. आकडा वाढलेला होता. गाठ असली तर दिसतो तेवढा प्रचंड नाही, पण सोडून द्यावा एवढा कमीही नाही. अम्मी बाहेर बाकावर होती, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं. "खरंच काही खाल्लं नव्हतं ना? कारण नुसतं खाणंच नाही. वास आला, चव लागली, तोंडात काही चावलं, तरी मेंदूकडून नसेमार्फत पोटाला निरोप जातो. घास घशाखाली उतरायची पोट वाट बघत नाही. गॅस्ट्रिन लगेच सुटायला लागतं."

तेव्हा मला डबा आठवला. सगळाच्या सगळा, माश्यांसकट. त्या स्वच्छ केबिनमध्ये, पांढऱ्या कोटासमोर, माझी आई दिवसभर डब्यात थुंकते हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. स्वतःला समजावलं, दोन-चार मणी चाखल्याने असा काय फरक पडणार. डॉक्टरांनी पुण्याच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या गुरुवारी स्कॅन. मग अम्मीला आत बोलावून त्यांनीच नीट, हळू आवाजात सांगितलं की गाठ असू शकते.

दोन दिवसांनी मी ड्युटीवरून घरी आले तर अंगणातल्या दोरीवर पांढरं कापड वाळत होतं. लांबच्या लांब, कडा न शिवलेलं. मामू हजला गेले होते तेव्हा त्यांनी मक्केतल्या जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवून आणलेलं कफन. इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी होतं. अम्मीने ते काढून उन्हात टाकलं होतं आणि खाली पाटावर बसून ती लसूण सोलत होती.

"हे काय मांडलंयस?" मी विचारलं.

"कुबट वास मारत हुता. ऊन दाखवलं." मग म्हणाली, "मला पुरायला माहेरी कुरवंड्यालाच न्या. आईच्या शेजारी. तितं जागा हाय."

मला राग आला. राग तिच्यावर नव्हता. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "त्या दिवशी सकाळी तू पाक चाखला होतास?"

"चाखला की. चाखल्याबिगर कढई उतरती व्हय?"

"मग नर्सला नाही का म्हणालीस?"

ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. "खाल्लं का इचारलं तिनं. मी गिळलं कुटं? समदं थुकलं. त्यानं रोजा तुटत न्हाई, तर रगत काडायला काय व्हतंय?"

तिच्या बोलण्यात काडीचा खोटेपणा नव्हता. तीस वर्षं ती ज्या नियमाने अल्लासमोर उपाशी राहिली होती, त्याच नियमाने डॉक्टरसमोर राहिली होती. अल्ला नीयत बघतो. पोट नीयत बघत नाही, एवढंच तिला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ते मला सांगितलं होतं, आणि ऐकून मी मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. डबा, पाक, दिवसाच्या तीस कढया. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"कसली?"

"थुंकण्याची."

ते चिडले होते, पण हसू आलंच त्यांना. "अहो, माझ्या टेबलावर लोक सकाळी सकाळी श्रीखंडाच्या डब्यातून काय आणून ठेवतात ते बघा एकदा." मग गंभीर झाले. म्हणाले, पोटाला दिवसभर निरोप जातोय की अन्न येतंय, अन्न येतंय. ते आम्ल सोडून तयार बसतं. आणि येत काहीच नाही. आम्लाला पचवायला काही नसलं की ते असेल तिथे जाळतं. तीस वर्षं असं चाललंय. हेच अल्सरचं कारण असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आधी रक्त नीट तपासू, मग पुणं. कॅप्सूल तोवर बंदच राहू दे, आणि या वेळी त्या भट्टीच्या वासालासुद्धा त्यांना जाऊ देऊ नका.

भट्टीला जाऊ नकोस म्हटल्यावर अम्मीने थेट नकार दिला. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, भाऊंकडे माल कमी पडत होता. "पाक कोन बगनार? त्या पोरी? करपवत्याल समदं."

"मी बघीन," मी म्हणाले.

ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा अशी तोंडभर हसली, झिजलेले दात दाखवून. "तू? तू तर त्या डब्याला बघून वाकडी हुतीस."

पण मानली. आदल्या दिवशी दुपारी तिने मला भट्टीशी उभं केलं आणि दाढेखालचा मणी कसा धरायचा ते दाखवलं. तपासणीच्या सकाळी, कारखान्यातून तिला बोलावणं येऊ नये म्हणून, मी तिचा फोन माझ्या पर्समध्ये टाकला, शेजारच्या भाभीला तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं आणि सहाला कारखान्यात हजर झाले. बरोबर रिसॉर्टमधले कागदी कप घेतले होते. मी त्या डब्यात थुंकणार नव्हते.

पहिल्या कढईचा मणी दाताला चिकटला. थुंकले, पुन्हा टाकला. दुसऱ्यांदा कट्ट वाजला. तिसऱ्या कढईपर्यंत कागदी कप भिजून बुडाशी मऊ झाले आणि एकाची थुंकी माझ्या हातावर सांडली. कोमट, चिकट, माझीच. पोरी बघत होत्या. मी कप फेकले आणि ओट्याखाली वाकून डबा पुढे ओढला. घाण वाटली. ती वाटायची थांबली वगैरे काही नाही. फक्त थुंकायला दुसरी जागा नव्हती.

साडेसातला माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी थांबेना. पोटात आधी भूक, मग काहीतरी तिखट, मग छातीपर्यंत जळजळ. गोड चावत होते आणि घशात आंबट येत होतं. एका सकाळीत. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि तीस वर्षांचा हिशेब करायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

नऊला दवाखान्यात नर्सने विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं? चाखलं? चावलं?" डॉक्टरांनी तिला पढवून ठेवलं होतं.

"न्हाई," अम्मी म्हणाली. नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही. या वेळी खरंच नाही."

सुई निघाली, कापूस लागला. मग अम्मीने माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "तोंड उघड." मला कळायच्या आत तिने माझ्या तोंडाशी नाक आणलं आणि खोल वास घेतला. तिने तोंड वाकडं केलं नाही, मागेही सरकली नाही.

"एक कढई करपवलीस," ती म्हणाली. "चौथी का पाचवी?"

"पाचवी," मी म्हणाले.

आकडा नॉर्मल आला. स्कॅन डॉक्टरांनी तूर्त रद्द केलं. कॅप्सूल आता रोज, न चुकता, आणि भट्टीकडे जाणं सहा महिने बंद. दुर्बीण पुन्हा एकदा घालायची आहे, अल्सर भरले का ते बघायला. अम्मीने कफनाची घडी घालून ते ट्रंकेत परत ठेवलं, वर माझी शाळेची प्रमाणपत्रं ठेवली.

आता ती बाहेरच्या पडवीत पाकिटं भरते. सुटीच्या दिवशी पाक मी बघते, बाकीचे दिवस एक पोर तयार होते आहे. मी जातानाच पोटभर भाकरी खाऊन जाते आणि मध्ये खात राहते, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. कपांचा नाद सोडला.

पहिल्या रविवारी काम आटपून मी हात धुऊन आले तर डबा जागेवर नव्हता. अम्मी मागच्या नळाशी उकिडवी बसली होती. डबा उपडा करून, राख घेऊन, ती माझी थुंकी उघड्या हातांनी घासत होती. बोटं आत घालून कोपऱ्यातलं खरवडत होती आणि पडवीतल्या बाईशी दिवाळीच्या मालाबद्दल बोलत होती.

"अम्मी, ठेव ते. मी धुते," मी म्हणाले.

"कशाला? तुला घान वाटती," ती म्हणाली, आणि डब्यात पाणी सोडलं.

ती टोमणा मारत नव्हती. मला दूध आवडत नाही म्हणावं तसं सहज म्हणाली. तिचा डबा मी तीस वर्षांत एकदाही धुतला नव्हता.